खेळाचा तास परत द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



दिवाळीची सुट्टी संपली की राज्यातल्या असंख्य शाळांत एक गोष्ट कोणताही आदेश न निघता घडते. दहावीचा खेळाचा तास गणिताकडे जातो, मग विज्ञानाकडे, आणि प्रीलिमच्या सुमारास वेळापत्रकातला तो रकाना नुसता कागदावर उरतो. पाठोपाठ नववीचा नंबर लागतो. कुणी हरकत घेत नाही. पालकांना उलट हायसे वाटते. पोर्शन पुरा झाला पाहिजे आणि मैदानावर गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, हे शिक्षक, पालक आणि मुले या सगळ्यांनीच मनोमन मान्य करून टाकले आहे.

हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुले पुढची साठ-सत्तर वर्षे मोजतात, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हृदय, फुप्फुसे, रक्ताभिसरण हा माझा रोजचा विषय. मेंदूकडे मी त्या वाटेने वळले. दीर्घकाळ केलेला व्यायाम मेंदूत काय घडवतो याबद्दल गेल्या तीसेक वर्षांत जे समजले आहे, ते आमच्या परिषदांत आणि नियतकालिकांत फिरत राहते. शाळेच्या वेळापत्रकापर्यंत ते पोहोचत नाही, आणि ते पोहोचवण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे.

व्यायाम म्हणजे मी इथे दमसासाचा व्यायाम म्हणते आहे. धावणे, झपाझप चालणे, पोहणे, सायकल, डोंगर चढणे, दोरीवरच्या उड्या, अर्धा तास रंगलेली लेझीम: ज्यात हृदयाचे ठोके वाढतात आणि बराच वेळ वाढलेलेच राहतात. एका जागी उभे राहून शिट्टीवर हात वर-खाली करण्याला शिस्तीच्या दृष्टीने महत्त्व असेल, पण हृदयाला त्याने फारसे काम पडत नाही.

स्वीडनमध्ये एके काळी अठरा वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तपासणीला जावे लागे. तिथे त्याला सायकलसारख्या यंत्रावर दम संपेपर्यंत पॅडल मारायला लावत, स्नायूंची ताकद मोजत, आणि तर्क, शब्दज्ञान, आकृत्यांची जाण अशा बुद्धीच्या चाचण्याही घेत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या या नोंदी संशोधकांनी एकत्र करून तपासल्या आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुण सरासरीने जास्त निघाले. स्नायूंच्या ताकदीशी मात्र बुद्धीचा तसा संबंध आढळला नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दंडाच्या बेडकुळ्या आणि चांगला दमसास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेंदूचे नाते दुसरीशी आहे.

यावर पहिली शंका येते ती अशी की चांगल्या घरची, चांगले खाल्लेली-प्यायलेली मुले दोन्हीकडे पुढे असणारच. संशोधकांनाही ती आली होती. म्हणून त्यांनी भावाभावांच्या आणि जुळ्यांच्या जोड्या वेगळ्या काढून पाहिल्या. एकाच घरात वाढलेल्या, एकच जनुके असलेल्या जुळ्यांतही संबंध टिकला. त्यातला मोठा वाटा आनुवंशिकतेचा नसून परिस्थितीचा आणि सवयींचा होता. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पंधराव्या वर्षी शाळेत शारीरिक शिक्षणाला मिळालेले गुण आणि अठराव्या वर्षीचा दमसास त्यांनी शेजारी ठेवले. या तीन वर्षांत ज्यांचा दमसास वाढला, ते अठराव्या वर्षी बुद्धिचाचणीत, ज्यांचा घटला त्यांच्या पुढे होते.

मंत्रिमहोदय, पंधरा ते अठरा म्हणजे आपल्याकडची दहावी, अकरावी, बारावी. नेमकी हीच तीन वर्षे आपण मुलांना खुर्चीत बसवून ठेवतो.

अशा नोंदींवरून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि इथेही मान्य करते. त्यासाठी मुलांचे गट पाडून प्रयोग करावे लागतात, आणि तसे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज धावपळीचे खेळ दिले. मन भरकटू न देता हातातल्या कामावर टिकवणे आणि गरज पडताच एका नियमावरून दुसऱ्यावर उडी घेणे, या दोन्ही बाबतींत तो गट पुढे गेला. गणित सोडवताना मुलाला याच दोन गोष्टी लागतात.

तरी मला जास्त जवळचा वाटतो तो दक्षिण स्वीडनमधल्या माल्मोजवळच्या बुंकेफ्लू इथला प्रयोग, कारण तो नऊ वर्षे चालला आणि साध्या शाळेत चालला. १९९९ मध्ये तिथे पहिलीच्या मुलांना रोज, म्हणजे आठवड्यातून पाच तास, शारीरिक शिक्षण द्यायला सुरुवात झाली. ज्यांच्या हालचालींत समन्वय कमी होता त्यांना थोडा जादा सराव. तुलनेसाठी नेहमीचे दोन तास मिळालेली मुले होती. नववीच्या शेवटी रोज खेळलेल्या मुलांपैकी ९६ टक्के पुढच्या शिक्षणासाठी पात्र ठरली, दुसऱ्या गटातली ८९ टक्के. फरक मुख्यतः मुलग्यांत होता. हा फरक लहान म्हणून कुणी बाजूला सारेल. मी त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहते: नऊ वर्षे आठवड्याला तीन तास जास्त मैदानावर गेले आणि अभ्यास मागे पडला नाही. दिवाळीनंतर आपल्या शाळा ज्या भीतीपोटी तास काढून घेतात, ती भीती तिथे खरी ठरली नाही.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगते, कारण त्यातूनच माझ्या मागण्या निघतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. इतके इंधन लागूनही साठवणीची सोय त्याच्याकडे जवळपास नाही. साखर आणि प्राणवायू रक्ताने क्षणोक्षणी आणून द्यावा लागतो. त्यामुळे हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकते, रक्तवाहिन्या किती लवचीक आहेत, रक्तात लोह किती आहे, या माझ्या विषयातल्या गोष्टी मेंदूच्याही गोष्टी होतात. महिनोन्‌महिने सराव केला की हृदय ठोक्यामागे जास्त रक्त पुढे लोटू लागते, रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राहते, रक्तदाब आटोक्यात राहतो. मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्यांना या सगळ्याचा थेट फायदा मिळतो.

शिवाय काम करणारा स्नायू गप्प बसत नाही. तो रक्तात रसायने सोडतो. लॅक्टेटला आपण वर्षानुवर्षे थकव्याचा कचरा म्हणत आलो, पण मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. मेंदूत स्वतःच तयार होणारे बीडीएनएफ नावाचे एक प्रथिन आहे. १९८२ मध्ये ईव्ह-अलां बार्ड आणि हान्स थोएनन यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. पेशींना जगवणे आणि त्यांच्यातल्या जोडण्या घट्ट करणे हे त्याचे काम. १९९५ मध्ये असे दिसले की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, विशेषतः आठवणी जिथे घडतात त्या हिप्पोकॅम्पस या भागात, हे प्रथिन वाढते. आणि १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत फ्रेड गेज, हेन्रिएट व्हॅन प्राग आणि गर्ड केंपरमन यांनी दाखवले की धावणाऱ्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त तयार होतात आणि टिकतात. माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या पेशी किती तयार होतात यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन गटांनी अगदी उलट निष्कर्ष मांडले. पण हिप्पोकॅम्पसचा आकार बदलू शकतो, हे माणसांत पाहिले गेले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्कर व्यक्तींपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत नेऊन ४० मिनिटे झपाझप चालायला लावले आणि बाकीच्यांना फक्त ताण देण्याचे व्यायाम दिले. वर्षाअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा, वयाप्रमाणे अपेक्षित होते तसा, दीड टक्क्याच्या जवळपास आक्रसला होता.

या सगळ्यात एक धागा समान आहे: वेळ. एकदा धावून आल्यावर पुढे थोडा वेळ लक्ष बरे लागते, एवढा लाभ तात्काळ मिळतो. बाकी सारे महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने घडते, आणि सराव सुटला की ओसरू लागते. दहावीच्या परीक्षेआधी पंधरा दिवस योगवर्ग घेऊन किंवा वर्षातून एकदा क्रीडासप्ताह साजरा करून ते साधत नाही. म्हणूनच मी शाळेचा आग्रह धरते. सलग दहा-बारा वर्षे, रोज, प्रत्येक मूल जिथे येते अशी दुसरी जागा राज्याकडे नाही.

आणि ही वर्षे किती लांबवर पोहोचतात? गोथेनबर्गमध्ये १९६८ साली ३८ ते ६० वयाच्या १९१ बायकांना सायकलच्या यंत्रावर दम संपेपर्यंत पॅडल मारायला सांगितले होते. पुढे ४४ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. चाचणीत ज्यांचा दमसास उत्तम ठरला, त्यांच्यापैकी ५ टक्के बायकांना स्मृतिभ्रंश झाला. मध्यम गटात २५ टक्के आणि कमी दमसासाच्या गटात ३२ टक्के. उत्तम गटात ज्या थोड्यांना तो झाला, त्यांना मध्यम गटापेक्षा सरासरी साडेनऊ वर्षे उशिरा झाला. अभ्यास लहान आहे, उत्तम गटात फक्त ४० जणी होत्या, आणि दमसास हे कारण की एकूण चांगल्या आरोग्याची खूण, हे त्यावरून सांगता येत नाही. तरी इतक्या दीर्घ काळाचा आणि फक्त बायकांचा असा अभ्यास दुर्मीळ आहे. भारतात आज साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. त्यांना सांभाळणारे घर ज्याने पाहिले आहे, त्याला साडेनऊ वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग म्हातारपणी सुरुवात केली तर? इथे पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. वरचा १२० जणांचा प्रयोग आशा देतो. पण अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, बैठी जीवनशैली असलेल्या १,६३५ व्यक्तींवर दोन वर्षे झालेल्या मोठ्या प्रयोगात, चालण्या-व्यायामाचा गट आणि फक्त आरोग्याची व्याख्याने ऐकणारा गट यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. आजोबांनी चालू नये असे मी म्हणत नाही. त्यांच्या हृदयाला, गुडघ्यांना, झोपेला आणि मनाला त्याचा लाभ आहेच. पण मेंदूसाठी जे कमवायचे ते लवकर सुरू करून चालू ठेवावे, असाच या साऱ्याचा कल मला दिसतो. मुलांमधलेही सगळे प्रयोग एकसारखे नाहीत. ग्रानादा इथे वजन जास्त असलेल्या १०९ मुलांना वीस आठवडे व्यायाम दिला, तेव्हा बुद्धिमापनाचे गुण वाढले, पण मेंदूच्या रचनेत फरक दिसला नाही. वीस आठवडे म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष.

उत्साहाच्या भरात कुणी शाळांत मॅरेथॉन सुरू करू नये, म्हणून हेही सांगते. अति झाले की मेंदूलाही झळ बसते. चेतातंतूंवर मायलिन नावाचे चरबीचे आवरण असते, विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारखे. २०२५ मध्ये स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या संशोधकांनी दहा धावपटूंचे मेंदू ४२ किलोमीटरच्या शर्यतीआधी आणि नंतर पाहिले, तेव्हा काही भागांत या आवरणाचे प्रमाण घटलेले दिसले; दोन महिन्यांत ते पूर्ववत झाले. बहुधा साखर संपत आल्यावर मेंदू ही चरबी वापरत असावा. २००९ मध्ये इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ६४ दिवसांत ४,४८७ किलोमीटर धावलेल्यांच्या मेंदूचा करडा भाग शर्यतीदरम्यान सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला होता आणि आठ महिन्यांनी भरून आला. दोन्हीकडे मेंदू सावरला, पण मुलांना तिथवर न्यायचे काही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सांगते, मुख्यतः दमसासाची. आपल्या मुलांच्या दिवसात शाळा, शिकवणी, प्रवास आणि मोबाइल यांतून ही साठ मिनिटे कुठून काढायची, हे पालकांवर सोपवून चालणार नाही.

आता शाळेतल्या एका प्रथेकडे आपले लक्ष वेधते, कारण ती रद्द करायला एक रुपयाही लागणार नाही. गृहपाठ केला नाही, उशीर झाला, वर्गात बोलला: “जा, मैदानाला पाच फेऱ्या मार.” आपल्याकडे बहुतेक मुलांना धावण्याची पहिली ओळख शिक्षा म्हणून होते. तो मुलगा एकटा धावत असतो आणि बाकीचा वर्ग खिडकीतून पाहत असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्याला मनाई केली आहे, पण फेऱ्या कुणी शिक्षेत मोजत नाही. माझा आक्षेप कायद्यापलीकडचा आहे. सॉल्कमधले उंदीर आपल्या मर्जीने धावत होते. चाक पिंजऱ्यात होते आणि धावायचे की नाही हे त्यांचे ते ठरवत होते. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगात एलिझाबेथ गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दोन तऱ्हांनी धावू दिले: काहींना सोबत्यांबरोबर ठेवून, काहींना एकेकटे. सोबतीत राहणाऱ्यांत नव्या पेशी वाढल्या. एकटे ठेवलेल्यांत, तेवढेच धावूनही, हा लाभ थोड्या काळात मिळाला नाही, आणि त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक जास्त होते. उंदरावरून मुलाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये हे मला ठाऊक आहे. पण गटाने, हसत-खिदळत, आपल्या मर्जीने धावणारे मूल मोठेपणीही धावत राहण्याची शक्यता जास्त, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. फेऱ्यांची शिक्षा बंद व्हावी. एका ओळीचे परिपत्रक पुरेल.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. सातवी-आठवीपर्यंत खो-खोत चपळाईने पळणारी मुलगी नववीत मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसलेली दिसते. पाळी सुरू झालेली असते, कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृहात पाणी नसते, मैदानाच्या भिंतीवर मुलगे बसलेले असतात आणि घरून सांगणे असते की आता पुरे. त्यात पंडुरोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींत हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी आढळले. दमसास हा शेवटी प्राणवायू वाहून नेण्याचा प्रश्न आहे आणि प्राणवायू वाहतो हिमोग्लोबिन. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ आहे, ती पहिल्याच फेरीत धापा टाकेल. तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, पण त्या पोटात जातात की दप्तरात राहतात हे फारसे कुणी पाहत नाही. गोळीचा दिवस आणि धावण्याचा तास एकमेकांना जोडले तर मुलीला स्वतःलाच दोन महिन्यांत फरक कळेल. स्मृतिभ्रंशाचे ओझे जगभर बायकांवर जास्त पडते, रुग्ण म्हणून आणि सांभाळणारी म्हणूनही. नववीतल्या मुलीचा तास म्हणूनच मला सर्वांत आधी वाचवावासा वाटतो.

राज्याला दमसासाची किंमत कळत नाही असे नाही. पोलीस भरतीत आपण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायला लावतो. त्यासाठी मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात गावोगावची तरुण मुले पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने धावताना दिसतात, बाजूने ट्रक जात असतात. अकॅडमीची फी भरून ती वर्षभरात जे कमवू पाहतात, त्याचा पाया शाळेने दहा वर्षे फुकट आणि सुरक्षितपणे घालून द्यायला हवा होता. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे यांनी त्याच शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकले. त्यांचा सत्कार राज्याने जरूर करावा. दहावीला क्रीडागुणही मिळावेत. पण ते गुण जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धेत चमकणाऱ्यांना मिळतात. मेंदूला लाभ हवा आहे तो पन्नासच्या वर्गातल्या शेवटून तिसऱ्या येणाऱ्या मुलाला, ज्याला कुठल्याही संघात कुणी घेत नाही. त्याचा दमसास जूनपेक्षा मार्चमध्ये किती वाढला, हे आपल्या एकाही गुणपत्रकात दिसत नाही.

ते मोजणे अवघड नाही. केंद्राच्या खेलो इंडिया चाचणीत ६०० मीटर धावणे-चालणे आहेच. मैदान लहान असेल तर २० मीटरच्या दोन रेघांमध्ये ध्वनीच्या ठेक्यावर ये-जा करण्याची शटल धाव घेता येते. जगभरच्या शाळा ती वापरतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नेपरव्हिल इथल्या क्रीडाशिक्षकांनी मुलांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे लावून, किती वेगाने धावला यापेक्षा स्वतःच्या कुवतीप्रमाणे किती जोर लावला यावर श्रेणी दिली. तिथल्या मुलांच्या गणित-विज्ञानातल्या यशाचे श्रेय त्या व्यायामाला फार उत्साहाने दिले जाते. ते मला पटत नाही, कारण ते संपन्न उपनगर आहे. मोजण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पट्टे नकोत. मनगटावर बोट ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजायला पाचवीतले मूलही शिकते, आणि त्यात विज्ञानाचा एक धडा होऊन जातो.

जागा नाही, ही तक्रार मुंबई-ठाण्यातल्या शाळा करतील आणि ती खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान सांगितले आहे. प्रत्यक्षात कित्येक शाळा दोन मजल्यांवर भरतात. तिथे दोरीवरच्या उड्या, जिना, गच्चीवर लेझीम, जवळच्या पालिका मैदानाची सकाळची वेळ, असे मार्ग काढता येतील. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये रोज पंधरा मिनिटे मुलांना बाहेर काढले: धावा, चाला, गप्पा मारा, पण थांबू नका. गणवेश बदलायचा नाही, साहित्य नाही, स्पर्धा नाही. पुढे अनेक देशांतल्या हजारो शाळांनी ते उचलले. आपल्याकडे त्याला ऋतू पाहावा लागेल. पावसाळ्यात व्हरांडा, मार्च-एप्रिलमध्ये परिपाठाच्या आधीची वेळ, आणि हमरस्त्यालगतच्या शाळांनी वाहनांच्या गर्दीची वेळ टाळावी. धाप लागलेले मूल धूरही जास्त ओढते.

म्हणून माझी मागणी अशी. पहिली ते बारावी रोज पंधरा मिनिटे दमसासाची हालचाल वेळापत्रकात असावी आणि आठवड्यातले खेळाचे तास त्याशिवाय असावेत. हे तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाहीत, दहावी-बारावीतही नाहीत, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीत ते तपासले जावे. संचमान्यतेत क्रीडाशिक्षकाचे पद पटसंख्येच्या गणितात गळून पडते ते थांबावे. अंशकालीन निदेशकांवर वर्षानुवर्षे भागवणे थांबावे. जून आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचा दमसास मोजून प्रगतीपुस्तकात त्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदीशी करावी, शेजारच्या मुलाशी नव्हे. सुरुवातीला काही तालुके निवडून, तिथल्या मुलांच्या लक्षाची, स्मरणाची आणि परीक्षेतल्या गुणांची नोंद पाच वर्षे ठेवावी. बुंकेफ्लूने नऊ वर्षे ठेवली. मराठी मुलांवरचा असा दीर्घ अभ्यास आपल्याच खात्याने करून दाखवला तर देशाला तो उपयोगी पडेल, आणि मी ज्या परदेशी आकड्यांवर हे पत्र लिहिते आहे त्यांच्या जागी आपले आकडे येतील. असा अभ्यास आखायला आणि क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात विनामूल्य शिकवायला माझ्यासारखे अनेक जण आनंदाने येतील.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे काही दिवस उशिरा. मुख्याध्यापक वेळापत्रक मे महिन्यात बसवतात. परिपत्रक एप्रिलअखेर निघाले तर येत्या वर्षीच्या दहावीला ते लागू होईल.

आपली नम्र,
शरीरक्रियाशास्त्राची एक शिक्षिका